वसई ते बुरैमी : करार, संरक्षण आणि वाळवंटातल्या हद्दी

(प्रस्तावना)

३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसई मुक्कामी ईस्ट इंडिया कंपनीशी तह केला. त्यानंतर सतरा वर्षांनी, जानेवारी १८२० पासून, रास-अल-खैमा ते बहरीन या किनाऱ्यावरच्या अरब शेखांनी एकामागून एक कंपनीच्या दुसऱ्या एका करारनाम्यावर सह्या केल्या. पहिला कागद मराठी वाचकाला शाळेपासून माहीत असतो, दुसऱ्याचे नावही त्याच्या कानावर आलेले नसते. तरी दोन्ही करार एकाच राजकारणाचे आहेत. राजाला गादीवर ठेवायचे, त्याच्या नावाने कारभार चालू द्यायचा, पण त्याने कोणाशी बोलावे, कोणाशी लढावे आणि कोणाला थारा द्यावा हे दुसऱ्याने ठरवायचे, असे हे तंत्र. ते दख्खनमध्ये कसे वापरले गेले आणि अरबस्तानाच्या वाळवंटी किनाऱ्यावर गेल्यावर त्याचे काय झाले, हा या ग्रंथाचा विषय आहे. वाळवंटातले हद्दीचे तंटे हा त्याचाच उशिरा उगवलेला भाग.

तहासाठी वसईची निवड केवळ सोयीची नव्हती. तहनाम्यांच्या इतिहासात हे ठाणे अनेकदा येते. २३ डिसेंबर १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि तिच्याबरोबर मुंबईची बेटे पोर्तुगीजांना दिली. १७३९ मध्ये चिमाजी आप्पाने ती जिंकून घेतली. डिसेंबर १७८० मध्ये जनरल गॉडर्डने किल्ला घेतला. १७८२ च्या सालबाईच्या तहाने वसई पेशव्यांकडे परत आली, साष्टी मात्र इंग्रजांकडेच राहिली. म्हणजे १७८२ पासून वसईची खाडी हीच सरहद्द झाली. उत्तर तीरावर पेशव्यांचा अंमल, दक्षिण तीरावर कंपनीचा. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरच्या लढाईत यशवंतराव होळकराने पेशवे आणि शिंदे यांच्या फौजा मोडल्या, तेव्हा बाजीराव कोकणात उतरला आणि इंग्रजी जहाजाने वसईला आला. आपल्याच मुलखात राहून इंग्रजांपासून एका खाडीच्या अंतरावर असणे त्याला येथे शक्य होते.

अरबस्तानाशी या किनाऱ्याचा संबंध कोणत्याही करारापेक्षा जुना आहे. ओमानच्या अरबांनी १६५० मध्ये पोर्तुगीजांकडून मस्कत घेतले आणि त्यांचा पाठलाग थेट भारतीय किनाऱ्यापर्यंत केला. १६७४ मध्ये मस्कतचे सुमारे ६०० अरब वसईला उतरले आणि तटाबाहेरची चर्चेस त्यांनी लुटली. किल्ल्यातली पोर्तुगीज फौज बाहेर पडली नाही. पापडीसारखी गावे त्या तटाबाहेरच होती. व्यापार तर त्याहून नित्याचा होता. खजूर, घोडे आणि मोती तिकडून येत, तांदूळ, कापड आणि जहाजबांधणीचे सागवान इकडून जाई. मुंबईच्या बाजारात बसरा मोती हे नाव अजून जिवंत आहे. आखातातल्या अरबांकडे केवळ इंग्रजांच्या सावलीत वावरणारी माणसे म्हणून पाहणे त्यामुळेच चुकीचे ठरते. ते दर्यावर्दी होते, आणि एके काळी याच किनाऱ्याला त्यांची दहशत होती.

आता तहाकडे. वसईच्या तहाने पेशव्याने किमान सहा हजार पायदळाची तैनाती फौज आपल्या राज्यात कायमची ठेवून घेतली आणि तिच्या खर्चासाठी २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून दिला. इंग्रजांशी वैर असलेल्या युरोपियनांना चाकरीत न ठेवण्याचे आणि कंपनीला विचारल्याशिवाय इतर सत्तांशी बोलणी न करण्याचे त्याने मान्य केले. निजाम आणि गायकवाड यांच्याकडच्या त्याच्या मागण्यांचा निवाडाही कंपनीने करायचा, असे ठरले. तैनाती फौजेची चर्चा मराठी इतिहासलेखनात पुष्कळ झाली आहे. निवाड्याच्या कलमाची तेवढी झाली नाही, आणि या ग्रंथाच्या दृष्टीने तेच सर्वांत महत्त्वाचे आहे.

मराठी राज्यव्यवस्थेत हक्क एकमेकांत गुंतलेले असत. मुलूख निजामाचा, पण चौथ आणि सरदेशमुखी पेशव्याची. गाव एकाचे, मोकासा दुसऱ्याचा, वतन तिसऱ्याचे. गुजरातेत अहमदाबादच्या उत्पन्नात पेशवा आणि गायकवाड दोघांचा वाटा होता. इंग्रज अधिकाऱ्यांना ही गुंतागुंत म्हणजे अंदाधुंदी वाटे. एका जमिनीवर एकच मालक आणि त्याच्याभोवती एक रेष, ही त्यांची कल्पना होती. निवाड्याचे कलम गुंता सोडवण्यासाठी आले असे म्हटले गेले, पण ज्याच्या हातात निवाडा त्याच्या हातात दोन्ही पक्ष, हे लवकरच दिसून आले. गायकवाडांचे कारभारी गंगाधरशास्त्री पटवर्धन इंग्रजांच्या हमीवर हिशेब मिटवायला पुण्यात आले आणि जुलै १८१५ मध्ये पंढरपुरात त्यांचा खून झाला. त्रिंबकजी डेंगळ्यावर ठपका आला, त्याला ठाण्याच्या किल्ल्यात ठेवले आणि १८१६ मध्ये तो तिथून निसटला. जून १८१७ च्या पुण्याच्या तहाने पेशव्याला गायकवाडांसह इतर मराठा संस्थानिकांवरचा वडीलकीचा हक्क सोडावा लागला. पुढच्या वर्षी राज्यच गेले.

याच वर्षांत मुंबई सरकारचा दुसरा डोळा पश्चिमेकडे लागलेला होता. नेपोलियन इजिप्तमध्ये उतरला ते १७९८ साल. त्या सप्टेंबरात निजामाशी तैनाती फौजेचा करार झाला आणि ऑक्टोबरात मस्कतच्या सुलतान बिन अहमदकडून कंपनीच्या वकिलाने, मेहदी अली खानाने, कौलनामा लिहून घेतला. दोन्हींचा रोख फ्रेंचांना दूर ठेवण्यावर होता. १८०० मध्ये जॉन माल्कम मस्कतला गेला आणि तिथे इंग्रजांचा कायमचा प्रतिनिधी राहील असे ठरले. हाच माल्कम जून १८१८ मध्ये बाजीरावाची शरणागती स्वीकारतो, त्याला वार्षिक आठ लाखांची नेमणूक देऊन बिठूरला पाठवतो आणि १८२७ मध्ये मुंबईचा गव्हर्नर होतो.

माणसांचा हा धागा सोडून चालत नाही. करार कागदावर असतात, पण ते करणारे अधिकारी एका ठिकाणी शिकलेले दुसऱ्या ठिकाणी वापरत. लायोनेल स्मिथ १८०९ च्या मोहिमेत रास-अल-खैमावर चालून गेला होता. फेब्रुवारी १८१८ मध्ये आष्टीला बापू गोखले पडले, त्या लढाईत इंग्रजी फौजेचा सेनापती तोच होता, आणि १८२१ मध्ये ओमानमध्ये बनी बू अली टोळीवर तोच पाठवला गेला. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १८११ पासून पुण्याचा रेसिडेंट, १८१९ पासून मुंबईचा गव्हर्नर. १८२० चा आखाती करार त्याच्याच कारकिर्दीतला. लुई पेली १८६२ ते १८७२ आखाताचा रेसिडेंट होता. त्याने १८६५ मध्ये रियाधपर्यंत प्रवास केला, १८६८ मध्ये कतारच्या मोहम्मद बिन थानीशी करार केला, आणि बडोद्यात मल्हारराव गायकवाडांना १८७५ मध्ये पदच्युत करण्यात आले त्या प्रकरणात कारभार याच्याच हाती होता. पर्सी कॉक्सने तर नोकरीच्या आरंभी कोल्हापूर आणि सावंतवाडीत काम केले होते. नजद आणि कुवेत यांच्यातली रेषा त्यानेच ओढली.

एवढे साम्य असूनही आखाताची गोष्ट वेगळी झाली, कारण तिथे मुंबई सरकारला जमीन नको होती. दख्खनमध्ये जमिनीला महसूल होता, अरबस्तानाच्या किनाऱ्यामागे वाळू होती. हवे होते ते समुद्रावर शांतता, डाकेचा मार्ग आणि मोत्यांच्या हंगामात बंदोबस्त. डिसेंबर १८१९ मध्ये जनरल कीरच्या आरमाराने आणि फौजेने रास-अल-खैमा पाडले. पुढच्या महिन्यातल्या करारात शेखांनी समुद्रावरची लूट सोडावी, गलबतांवर ठरलेले निशाण लावावे आणि नोंदणीचे कागद बाळगावेत, एवढे होते. मुलुखाची तोड नाही, खंडणी नाही, तैनाती फौज नाही. केश्म बेटावर इंग्रजांनी छावणी ठेवली तीही तीन वर्षांत उठवली. त्याच सुमारास, १८२० मध्ये, ओमानच्या आतल्या भागात गेलेली एक इंग्रजी तुकडी बनी बू अलींनी कापून काढली. सूड घेतला गेला, पण मुंबईने धडाही घेतला. वाळवंटात पाय ठेवायचा नाही, किनाऱ्यावरून पाहायचे. पुढचे सव्वाशे वर्षांचे धोरण या धड्यातून निघाले असे म्हणायला हरकत नाही.

पुढचे करार याच चाकोरीतले. १८३५ मध्ये मोत्यांच्या हंगामापुरता समुद्री तह झाला, तो पुढे वाढत गेला आणि १८५३ मध्ये कायमचा झाला. १८३९ मध्ये घेतलेले एडन १९३२ पर्यंत मुंबई इलाख्याचाच भाग होते. १८६१ मध्ये गव्हर्नर जनरल कॅनिंगने मस्कत आणि झांझिबार ही एकाच घराण्याची दोन राज्ये वेगळी केली आणि झांझिबारने मस्कतला दरसाल ४०,००० क्राउन द्यावेत असा निवाडा दिला. इथे वसईच्या तहातले मध्यस्थीचे कलम समुद्र ओलांडून गेलेले स्पष्ट दिसते. १८७३ मध्ये आखाताच्या रेसिडेंटच्या बुशहर येथील रेसिडेन्सीचा कारभार मुंबईकडून हिंदुस्थान सरकारकडे गेला. १८९२ च्या करारांनी किनाऱ्यावरच्या शेखांनी इंग्रजांखेरीज कोणाशीही पत्रव्यवहार न करण्याचे आणि कोणालाही जमीन न देण्याचे मान्य केले. १८९९ मध्ये कुवेतच्या मुबारकने तेच केले.

या सगळ्या कागदांत एक गोष्ट नव्हती. कोणत्या शेखाचा मुलूख कुठवर, हे कुठेच लिहिलेले नव्हते. ज्याने सही केली तो राज्यकर्ता ठरला. टोळीचा पाठिंबा गेला की शेखाची सत्ताही जाई, ही जुनी रीत होती. करारामुळे गादी घट्ट झाली आणि तिच्याभोवतीची हद्द मोकळीच राहिली. वाळवंटात सत्ता माणसांवर असे, जमिनीवर नव्हे. टोळीचा चराईचा पट्टा, ज्याला तिकडे दिरा म्हणतात, पावसाप्रमाणे सरके. विहीर कोणाची, जकात कोण गोळा करतो, वाटेच्या संरक्षणाचा कर कोणाला जातो, भांडण कोणापुढे नेले जाते, यावरून कोण कोणाचे ते कळे. एकच टोळी एकाला जकात आणि दुसऱ्याला संरक्षणकर देऊ शके. चौथ, मोकासा आणि वतन ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे समजायला कठीण नाही, आणि हा विषय मराठीत लिहिण्याचे एक कारण हेच आहे. इंग्रजी ग्रंथांना जे पानेच्या पाने खर्चून सांगावे लागते, ते मराठी वाचकाच्या ओळखीचे आहे.

रेषा आल्या त्या विसाव्या शतकात, आधी तुर्की साम्राज्यामुळे आणि मग तेलामुळे. १९१३ च्या इंग्रज-तुर्की करारात कुवेत शहराभोवती सुमारे ४० मैल त्रिज्येचे लाल वर्तुळ आखले गेले, आणि त्याबाहेर, कुवेतला मानणाऱ्या टोळ्यांच्या मुलखासाठी, हिरवे. डिसेंबर १९२२ मध्ये उकैर येथे कॉक्सने नजदच्या इब्न सौदसमोर नकाशावर लाल पेन्सिलीने रेघ ओढली. कुवेतचा सुमारे दोन तृतीयांश मुलूख त्या रेघेने गेला आणि दोन्हीकडच्या टोळ्यांसाठी तटस्थ पट्टे ठेवावे लागले. या प्रसंगाचे नाट्यमय वर्णन इंग्रज अधिकारी डिक्सनने तीन दशकांनंतर छापलेल्या आठवणींत केले आहे. ते वाचताना तेवढे अंतर ध्यानात ठेवायला हवे. शेकडो मैल सरकणाऱ्या माणसांना रेघ कळेना. नजदच्या इखवान टोळ्यांनी इराक आणि कुवेतच्या हद्दीत छापे घातले, त्यामागे धर्मनिष्ठा होती तसाच चराईचा जुना हक्कही होता. १९२५ मध्ये बहरा येथील कराराने इराकच्या बाजूचे टोळ्यांचे छापे आवरण्याचे नियम घातले आणि हद्दा येथील कराराने ट्रान्सजॉर्डनच्या बाजूची हद्द ठरवली.

१९३३ मध्ये इब्न सौदच्या सौदी अरबस्तानाने अमेरिकन कंपनीला तेलाचा मक्ता दिला. मक्त्याची पूर्व हद्द कुठे, असा प्रश्न अमेरिकेने लंडनला विचारला आणि लंडनला उत्तर सापडेना. १९३५ मध्ये दोन्ही बाजूंनी आपापल्या रेषा मांडल्या, त्या जुळल्या नाहीत. १९४९ मध्ये सौदी सरकारने बुरैमीच्या मरूद्यानापर्यंत मागणी नेली.

बुरैमीचे प्रकरण या ग्रंथात सर्वांत विस्ताराने घेतले आहे, कारण या विषयातले सगळे धागे तिथे एकत्र येतात. नऊ गावांचा हा हिरवा पट्टा. सहा गावे अबूधाबीची, तीन मस्कतच्या सुलतानाला मानणारी, आणि सौदी घराण्याचा जुन्या स्वाऱ्यांवर आधारलेला दावा. ऑगस्ट १९५२ मध्ये तुर्की बिन उतैशान हा सौदी अमीर माणसांसह हमासा गावात येऊन बसला. प्रकरण लवादाकडे गेले. दोन्ही बाजूंनी जाडजूड निवेदने सादर केली आणि त्यांत पुरावा म्हणून काय होते? कोणत्या उंटवाल्याने कोणत्या साली कोणाला जकात दिली, त्याच्या पावत्या. कोणत्या विहिरीला कोणत्या टोळीचे नाव. ज्या व्यवहाराला हद्द हा शब्दच लागू नव्हता, त्यातून हद्द सिद्ध करण्याचा तो प्रयत्न होता. सप्टेंबर १९५५ मध्ये लाचेच्या आरोपांवरून ब्रिटिश सदस्य बाहेर पडला आणि लवाद मोडला. २६ ऑक्टोबर १९५५ रोजी इंग्रजांनी उभारलेल्या स्थानिक तुकड्यांनी बुरैमी घेतले. शेवटची तोड १९७४ मध्ये सौदी अरबस्तान आणि संयुक्त अरब अमिरात यांच्यात झाली, तेव्हा इंग्रज निघून जाऊन तीन वर्षे झाली होती. त्याच १९५० च्या दशकात ज्युलियन वॉकर हा तरुण अधिकारी लहान लहान शेखांच्या मुलखात फिरला आणि गावोगाव लोक कोणाला मानतात हे विचारून हद्दी ठरवू लागला. आजच्या नकाशावर मदहा हे ओमानचे गाव अमिरातीच्या पोटात आणि नहवा हे शारजाचे गाव मदहाच्या पोटात दिसते. निष्ठेवरून रेषा काढली की असेच होते.

या विषयावरच्या लेखनाचे प्रवाह ढोबळमानाने चार आहेत. पहिला सरकारी दप्तराचा. एचिसनचे तहनाम्यांचे संग्रह आणि लॉरिमरचे आखाताचे गॅझेटिअर हे त्याचे आधारस्तंभ. जे. बी. केलीचा १९६८ चा ग्रंथ त्याच दृष्टीचा, पण विद्वत्तेत फार वरचा. लूट थांबवणारे इंग्रज आणि लूट करणारे अरब ही त्याची मांडणी. दुसरा प्रवाह त्याला थेट छेद देतो. शारजाचे शासक सुलतान बिन मुहम्मद अल-कासिमी यांनी १९८६ मध्ये अरबांच्या चाचेगिरीची कथा ही व्यापारी हितासाठी रचलेली असल्याचे प्रतिपादन केले, आणि त्यासाठी मुंबईचेच दप्तर वापरले. त्यांचा निष्कर्ष सगळाच पटत नाही, रास-अल-खैमाच्या कासिमींची गलबते निरुपद्रवी होती असे म्हणता येत नाही. पण ज्या सरकारने आरोप केला त्याच्याच कागदांतून आरोपाची उलटतपासणी करणे हे मोठे काम होते. तिसरा प्रवाह आखाताला हिंदुस्थान सरकारची सरहद्द मानून पाहतो. जेम्स ऑन्लीने २००७ मध्ये स्थानिक वकिलांवर, म्हणजे कंपनीची कामे करणाऱ्या भारतीय, इराणी आणि अरब व्यापाऱ्यांवर प्रकाश टाकला, तेव्हा रेसिडेन्सी प्रत्यक्षात कोण चालवत होते हे उमगले. चौथा हद्दींचा. जॉन विल्किन्सन यांचा १९९१ चा अभ्यास यात अग्रगण्य आहे.

मराठी इतिहासकारांनी वसईच्या तहावर भरपूर लिहिले. खरे, सरदेसाई यांनी कागद जमवले, छापले, अर्थ लावले. यदुनाथ सरकार आणि सरदेसाई यांनी पुणे रेसिडेन्सीचा पत्रव्यवहार संपादित केला नसता तर हा विषय आज उभाच राहिला नसता. त्यांचे लक्ष स्वाभाविकच स्वराज्य कसे गेले याकडे होते. तोच तह करणारे सरकार समुद्रापलीकडे काय करत होते, तिकडे त्यांनी क्वचितच पाहिले. ती उणीव आता भरून काढणे सोपे झाले आहे. मुंबईत एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत असलेल्या राज्य पुराभिलेखागारात राजकीय खात्याची दप्तरे आहेत, आणि लंडनमधली आखाताची कागदपत्रे कतारच्या डिजिटल ग्रंथालयातून २०१४ पासून घरबसल्या वाचता येतात.

हे आज वाचावे असे का वाटते? वसई पट्ट्यातली, कोकणातली हजारो कुटुंबे गेल्या अर्धशतकात आखाताशी जोडली गेली. ज्या देशांत घरची माणसे राबली ते देश, त्यांच्या गाद्या आणि त्यांच्या सीमा कशा बनल्या, हे त्यांना त्यांच्या भाषेत वाचायला मिळालेले नाही. १९६६ पर्यंत कतार आणि अमिरातीत भारतीय रिझर्व्ह बँकेने छापलेले रुपये चालत, ही आठवणही पुसट झाली आहे. दुसरे कारण घरचेच. बेळगाव, कारवारचा प्रश्न १९६६ च्या महाजन आयोगापासून आणि २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात ज्या मुद्द्यावर अडला आहे, तो मुद्दा बुरैमीतही होता. लोक कोणाला आपले मानतात हा पुरावा धरायचा की आधी ओढलेली रेषा?

ग्रंथाची मर्यादा १७९८ ते १९७४ अशी आहे. हवार बेटांबद्दल २००१ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने दिलेला निकाल आणि इराक-कुवेत सीमेचे १९९३ चे आरेखन यांचा उल्लेख जुन्या करारांच्या संदर्भातच येतो. येमेन आणि एडनच्या हद्दींचा विषय स्वतंत्र ग्रंथाचा असल्याने तो थोडक्यात उरकला आहे. तहांची मराठी भाषांतरे मूळ इंग्रजी मसुद्यावरून केली आहेत, आणि जिथे अरबी मसुदा इंग्रजीहून वेगळा आहे तिथे दोन्ही अर्थ दिले आहेत. अरबी नावे स्थानिक उच्चाराच्या जवळ ठेवली आहेत. आखाताला इराणी म्हणावे की अरबी, हा वाद दोन्ही किनाऱ्यांच्या भावनेशी जोडलेला असल्याने सर्वत्र नुसता ‘आखात’ हाच शब्द वापरला आहे.